‘मुलाला घेऊन या’: सहकारी बँकेच्या एका शाखेतील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली ही नागरी सहकारी बँकेची शाखा. बाजारपेठेतली जुनी इमारत, नऊ कर्मचारी, सोमवारी आठवडी बाजार. गावाची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. खातेदारांत निवृत्त शिक्षक, शेतकरी, छोटे दुकानदार आणि संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे अनुदान खात्यावर घेणारे बरेच जण. अनुदान जमा झाल्याची बातमी गावात फिरली की बाकावर बसायला जागा उरत नाही.

शाखेचे नाव चांगले होते. म्हाताऱ्या माणसावर इथे कोणी ओरडत नसे. शिपाई हात धरून पायऱ्या चढवी, रोखपाल ‘या आजी’ म्हणून पुढे बोलावी. त्यामुळे एकाच पंधरवड्यात दोन लेखी तक्रारी आल्या तेव्हा संचालकांना त्या खोडसाळ वाटल्या.

पहिली तक्रार ७४ वर्षांच्या एका विधवा खातेदाराची. त्यांची दोन लाखांची मुदत ठेव होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना त्या ठेवीवर ४० हजारांचे कर्ज हवे होते. ठेवतारण कर्जात जामीनदार लागत नाही आणि पैसे थकले तर बँक ठेवीतूनच वळते करून घेते. म्हणजे कर्जदार चाळिशीचा आहे की ऐंशीचा, याने बँकेच्या जोखमीत काहीच फरक पडत नाही. तरी काउंटरवर उत्तर मिळाले, “आजी, सही हलतेय तुमची. मुलाला घेऊन या, त्याच्यासमोर करून टाकू.” मुलगा आला. आईच्या नावावर ठेव आहे हे त्याला तोवर माहीत नव्हते. महिनाभरात ठेव मुदतीआधी मोडली गेली आणि रक्कम मुलाच्या खात्यात गेली. शस्त्रक्रिया राहिली ती राहिलीच.

दुसरी तक्रार एका पूर्ण अंध शिक्षकांची. पगार जमा होणाऱ्या खात्यावर त्यांनी चेकबुक आणि एटीएम कार्ड मागितले होते. “पत्नीबरोबर संयुक्त खाते करा, मग लगेच देतो,” असे त्यांना सांगितले गेले. अंध व्यक्ती करार करण्यास कायद्याने सक्षम असतात, त्यामुळे चेकबुक, एटीएम, लॉकर अशा सगळ्या सुविधा त्यांना भेदभाव न करता द्याव्यात, हे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ मध्ये स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा आणि इतरांप्रमाणे कर्ज मिळण्याचा हक्क आहे. शिक्षकांनी तक्रारीत दोन्हींचा उल्लेख केला होता, आणि प्रत सहकार खात्याकडे पाठवतो असेही लिहिले होते. बँक हलली ती बहुधा या शेवटच्या ओळीमुळे.

अडचण नेमकी कुठे होती

नव्याने बदलून आलेल्या शाखाधिकारी बाईंनी आधी कोणालाच खुलासा मागितला नाही. चार आठवडे एक साधी वही ठेवली. काम न होता परत गेलेल्या प्रत्येक खातेदारासाठी तीन रकाने: कशासाठी आले, काय सांगून परत पाठवले, कोणी पाठवले. लिहिण्याचे काम काउंटरवरच्या कोणाकडे न देता दाराशी बसणाऱ्या प्रशिक्षणार्थी मुलीकडे दिले. परत पाठवणाऱ्यानेच नोंद करायची असती तर वही कोरी राहिली असती.

सगळ्यांना वाटत होते, खरी अडचण सह्यांची. वहीत सर्वांत जास्त वेळा आलेले कारण वेगळेच निघाले: ‘सोबत कोणी नाही’. हे कारण बँकेच्या एकाही नियमावलीत नाही. सही, अंगठा, केवायसी, सगळ्याला नियम आहे; सोबत माणूस असलाच पाहिजे असा नियम कुठेच नाही. तो काउंटरवर जन्मला आणि तिथेच रुळला.

तो का जन्मला, हे कर्मचाऱ्यांशी एकेकट्याने बोलल्यावर कळले. काही वर्षांपूर्वी न जुळणाऱ्या सहीवर पैसे दिल्याबद्दल तपासणीत एका लिपिकाकडून वसुली झाली होती. ती गोष्ट शाखेत अजून सांगितली जाई. थरथरत्या हाताची सही दिसली की लिपिकाला खातेदार दिसत नसे, तपासनीस दिसे. मुलगा समोर असला की जबाबदारी वाटली गेल्यासारखी वाटे. त्यात ‘या वयात यांना कुठे कळणार’ आणि ‘आंधळ्या माणसाला फसवले तर पाप आपल्या माथी’ ही भर. भीती आणि दया एकमेकींना धरून उभ्या होत्या. नुसत्या दयेवर व्याख्यान देऊन भीती जाणार नव्हती; उलट दया वाढली की सावधपणाही वाढणार होता. हे निदान सुरुवातीलाच पक्के झाले असते तर पुढची एक चूक टळली असती.

बाकी अडथळे डोळ्यांना दिसणारे होते. दाराशी तीन पायऱ्या, उंची ४५ सेंमी. काउंटर ११० सेंमी उंच, बोलण्याचे भोक काचेत खाली, त्यामुळे ऐकू कमी येणारा माणूस वाकून कान लावतो आणि लिपिकाचे ओठ त्याला दिसत नाहीत. पैसे काढायच्या स्लिपवर मुंगीएवढी अक्षरे. आणि बिनहाताचे बाक. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना रेटा द्यायला खुर्चीचे हात लागतात, हे बाक घेताना कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

समोर आलेले पर्याय

संबंधित लिपिकाची बदली. संचालकांना हाच पर्याय सर्वांत आवडला. शाखाधिकाऱ्यांनी नकार दिला, कारण वहीत सगळ्या काउंटरची नावे होती. एक गेला असता आणि उरलेले आठ आणखी जपून वागले असते, म्हणजे आणखी लोकांना परत पाठवले असते.

‘ज्येष्ठ व दिव्यांग’ असा वेगळा काउंटर. स्वस्त, आणि उद्घाटनाला बरा. पण बाजाराच्या दिवशी मनुष्यबळ कमी पडले की हाच काउंटर आधी बंद होतो, आणि पाटी लागली की बाकीचे काउंटर पांढरे केस दिसताच ‘तिकडे जा’ म्हणायला मोकळे होतात. रांगेत उभे राहू न शकणाऱ्याला आधी घेणे वेगळे आणि त्याची कायमची वेगळी रांग करणे वेगळे.

घरपोच सेवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ७० वर्षांवरील आणि दिव्यांग खातेदारांना घरी जाऊन मूलभूत सेवा देण्याविषयी परिपत्रक काढले. ते व्यापारी बँकांना उद्देशून असल्याने ‘आपल्याला लागू नाही’ असे मुख्य कार्यालयाचे मत पडले. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी सेवा हवीच होती. धोका एवढाच की पायऱ्या चढता न येणाऱ्या प्रत्येकाला ‘तुम्ही कशाला येता, आम्हीच येतो’ म्हणून घरी बसवले जाईल आणि पायऱ्या तशाच राहतील.

एक दिवसाचे संवेदनशीलता प्रशिक्षण. गावातल्या एका सेवाभावी क्लबने फुकट देऊ केले.

आणि शेवटचा पर्याय, कामाची पद्धतच लेखी बदलणे आणि ती खातेदारांकडून तपासून घेणे. वेळ जास्त, श्रेय कमी.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

शेवटचा पर्याय हवा होता, पण मुख्य कार्यालयाची मंजुरी लांबत होती. तोवर काहीतरी दिसले पाहिजे म्हणून ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, प्रशिक्षण घेतले. दोन ज्येष्ठ सभासदांना शाल-श्रीफळ, एक भाषण, मग प्रात्यक्षिक. कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्यांना काउंटरपर्यंत चालायला लावले, कानात कापूस घालून स्लिप भरायला सांगितली. धडपडणे, हसणे, फोटो झाले. शेवटी दोघे-तिघे गंभीर होऊन म्हणाले, “कसे जगत असतील हो हे लोक!”

पुढच्याच आठवड्यात रोखपालाने एका अंध खातेदाराला, सोबत कोणाला आणल्याशिवाय, पैसे द्यायला नकार दिला. पूर्वी तो देत असे.

असे होणे अनपेक्षित नाही. पाच मिनिटांपूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला फक्त नुकतेच आंधळे होण्याची घबराट कळते. वीस वर्षे पांढरी काठी घेऊन शाळेत जाणाऱ्या माणसाचे कौशल्य त्याला कळत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा प्रात्यक्षिकांवरच्या अभ्यासातही सहभागींची कणव वाढली, पण स्वतःविषयीची असहायता आणि भीतीही वाढली आणि दिव्यांग व्यक्तींशी वागण्याबाबतचा दृष्टिकोन सुधारला नाही. मनात आधीच भीती असलेल्या शाखेत हा कार्यक्रम घेणे म्हणजे आगीत तेल होते.

त्याच दिवशी प्रशिक्षकाने ‘आजी-आजोबा म्हणू नका, खातेदाराचे नाव घ्या’ असेही सांगितले होते. आठवडाभर सगळे ‘श्रीमती अमुक’ करत राहिले. म्हाताऱ्या बायकांनीच विचारले, “काय रे, चिडलायस का?” आपल्याकडे परक्यालाही नात्याने हाक मारतात, अवहेलना ‘आजी’ या शब्दात नसते, ‘आजी, तुम्हाला नाही कळणार’ या वाक्याच्या उत्तरार्धात असते. नियम मागे घेतला. अंध शिक्षकांनी मात्र सांगितले की त्यांना ‘दिव्यांग सर’ नको, आडनावाने हाक मारा. तेही मान्य झाले. ज्याला जी हाक चालते ती त्याला विचारून.

दुसरा निर्णय: एक पान

जानेवारीत एक पानाचा कार्यालयीन आदेश तयार झाला. तो लिपिकाच्या बाजूने काचेला चिकटवला, खातेदारांच्या बाजूने नाही. वाचायचा होता तो लिपिकाने. त्यातली कलमे साधारण अशी:

१. बोलणे खातेदाराशी. सोबत आलेल्या माणसाशी फक्त खातेदाराने सांगितले तर.

२. ‘सोबत कोणाला तरी आणा’ असे सांगायचे असेल तर खातेदार शाखेत असतानाच वहीत कारण लिहून अधिकाऱ्याची सही घ्यावी.

३. सही जुळत नसेल तर परत पाठवू नये. ओळख पटवून त्याच दिवशी नव्या नमुना सह्या घ्याव्यात. सही होतच नसेल तर अंगठा, हाताचा नसेल तर पायाचा. त्याला बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. तेही शक्य नसेल तर खूण, साक्षीदार तसेच.

४. अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर इतरांसारखेच. अर्ज वाचून दाखवायचा तो बाजूच्या टेबलावर, काउंटरवर नाही.

५. ठेवतारण कर्जाला वयाचा मुद्दा नाही.

६. शिल्लक आणि ठेवीची रक्कम मोठ्याने उच्चारायची नाही.

यातले दुसरे कलम सगळ्यांत कामाचे ठरले. आधी नाही म्हणणे फुकट होते आणि हो म्हणण्यात धोका होता. आता नाही म्हणायला लिहावे लागे, अधिकाऱ्याकडे जावे लागे. तिसऱ्या कलमात नवे काहीच नव्हते. आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी ही पद्धत रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आधीपासून आहे. लिपिकांना ती माहीत नव्हती, आणि ज्यांना माहीत होती त्यांना तपासनीस ती मानेल याची खात्री नव्हती. म्हणून आदेशावर मुख्य कार्यालयाच्या तपासणी विभागाची सही घेण्याचा आग्रह धरला. त्याला सात आठवडे लागले. पहिले, दुसरे आणि सहावे कलम कोणताही नियम बदलत नव्हते, म्हणून शाखाधिकाऱ्यांनी ती स्वतःच्या अधिकारात लगेच सुरू केली, बाकीच्यांसाठी थांबल्या. तपासणी विभागाची सही नसलेला आदेश वसुली झालेल्या शाखेत कोणी पाळला नसता.

तपासणारे कोण

आदेश खरोखर चालतो का, हे पाहायला चौघांना बोलावले: ते अंध शिक्षक, गुडघ्यांचे दुखणे असलेल्या एक बचतगट चालक, ऐकू कमी येणारे निवृत्त एसटी वाहक आणि पार्किन्सन्स या हात थरथरण्याच्या आजाराचे निवृत्त तलाठी. सत्कारासाठी नाही, कामासाठी, आणि उपसमितीच्या सभासदांना मिळतो तेवढाच बैठक भत्ता देऊन. भत्त्यावरून संचालकांत वाद झाला. ‘समाजसेवा आहे’ असे एकाचे म्हणणे. पण गट एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी व्हायचा तर दर्जा बराबरीचा, काम एकत्र आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये मांडले. एकाला भत्ता आणि दुसऱ्याला नारळ दिला तर बराबरी तिथेच संपते.

काम ठरवून दिले: दोन हजार रुपये काढायचे, प्रत्येक पायरी कर्मचाऱ्यासोबत लिहायची. त्यातून निघालेल्या गोष्टी कोणत्याही प्रशिक्षणात निघाल्या नसत्या.

तलाठ्यांनी सांगितले की औषध घेतल्यावर तास-दीड तास हात बराच स्थिर असतो. नमुना सही तेव्हाच घेतली तर ती पुढे जुळणार नाही. म्हणून दोन वेळच्या नमुना सह्या घेऊन दोन्ही ठेवायच्या ठरल्या. शिक्षकांनी जुन्या पासबुकाच्या पुठ्ठ्यात सात सेंमी लांब, दीड सेंमी उंच खिडकी कापून दाखवली. पुठ्ठा सहीच्या जागी ठेवला की सही ओळीबाहेर जात नाही. नोटांचेही त्यांनीच समजावले. नव्या १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिमी. लांबी १४२, १४६ आणि १५०. चार मिलिमीटरचा फरक एकट्या नोटेवर हाताला कळत नाही, आणि कडेच्या उठावाच्या रेषा नोट मळली की लागत नाहीत. म्हणून रोखपालाने प्रत्येक मूल्याची गड्डी वेगळी, मोठ्यापासून लहान, हातात द्यायची आणि ‘पाचशेच्या तीन, शंभरच्या पाच’ असे हळू सांगायचे. वाहकांनी नोटा मोजण्याच्या यंत्राचा बाहेरचा आकडा खातेदाराकडे फिरवायला लावला. त्याचा उपयोग बहिऱ्यांपेक्षा इतरांनाच जास्त झाला.

रोखपाल या चाचण्यांत तीन दिवस होता. पट्टी बांधून त्याला जे कळले नव्हते ते इथे कळले: शिक्षक नोटा त्याच्याइतक्याच वेगाने वेगळ्या करत होते, गड्डी नीट दिली तर.

रॅम्पची दुरुस्ती

इमारतीचे काम स्थानिक गवंड्याला दिले आणि तिथे पुन्हा चूक झाली. ४५ सेंमी उंचीला त्याने २.४ मीटर लांबीचा उतार केला, वर चकचकीत टाइल. उतार १:५ च्या आसपास. चाकाची खुर्ची ढकलायला दोन माणसे, आणि पहिल्या पावसात एक जण घसरला. हळूहळू तो दुचाकी चढवायचा रस्ता झाला. प्रमाण १:१२ हवे, म्हणजे ४५ सेंमीला ५.४ मीटर. समोर तेवढी जागा नव्हती, म्हणून दोन तुकड्यांत वळवून मध्ये दीड मीटर चौरस सपाट जागा ठेवली. रुंदी १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडे ७६ आणि ९० सेंमी अशा दोन उंचींवर, खडबडीत फरशी, आणि दुचाकी चढू नये म्हणून पायथ्याशी खांब, पण त्यांत ९० सेंमी वाट ठेवून. एक काउंटर ७५ सेंमीपर्यंत खाली आणला, खाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवून. बाकांच्या जागी हाताच्या खुर्च्या आल्या.

परिणाम

सहा महिन्यांनी वहीत ‘सोबत कोणी नाही’ या नोंदी जवळजवळ थांबल्या. सहीच्या नोंदी मात्र वाढल्या. आधी त्या दुसऱ्या कारणाखाली लपत होत्या. शिक्षकांना चेकबुक आणि कार्ड मिळाले. कार्ड मिळाले तरी शाखेचे एटीएम बोलत नाही, हेडफोनचे भोक केवळ शोभेचे, हे त्यानंतर कळले. यंत्र भाड्याचे असल्याने प्रश्न पुरवठादाराकडे पडून आहे. लॉकर तळघरात, अकरा पायऱ्या खाली. तिथे काहीच झालेले नाही. कर्ज समितीने एका ६७ वर्षांच्या सभासदाचा जामीनदारासह आलेला अर्ज ‘वय’ एवढेच लिहून परत केला. आदेशात फक्त ठेवतारण कर्ज होते, म्हणून समिती चुकली असेही म्हणता आले नाही.

एक प्रसंग आदेशाच्याच पोटी घडला. ८१ वर्षांचे एक गृहस्थ मोबाइल कानाला लावून आले, ठेव मोडली आणि सगळी रक्कम परराज्यातल्या अनोळखी खात्यावर पाठवायला सांगितली. लिपिकाला शंका आली, पण ‘वय बघून अडवायचे नाही’ म्हणून तो गप्प राहिला. ती सायबर फसवणूक होती. संध्याकाळी नातवाने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, रकमेचा काही भाग गोठवता आला, बाकी गेली.

वेगळे काय करता आले असते

या फसवणुकीचे खापर आदेशावर फोडून ‘बघा, सोबत माणूस हवाच’ असे म्हणणारे लगेच पुढे आले. दोष आदेशाच्या शब्दांत होता, दिशेत नव्हता. प्रश्न व्यवहाराला बांधायला हवे होते, वयाला नाही: मुदतीआधी ठेव मोडून, पहिल्यांदाच, अनोळखी खात्यावर मोठी रक्कम जात असेल तर खातेदार ३० चा असो वा ८०चा, त्याला फोन बंद करायला सांगून आतल्या खोलीत तीन प्रश्न विचारायचे. कोणाचे खाते, कधीपासून ओळख, फोनवर कोणी थांबायला सांगितले आहे का. मुलाला बोलवायचे ते खातेदार म्हणाला तरच. आता सातवे कलम हेच आहे.

३ डिसेंबरचा कार्यक्रम टाळायला हवा होता, आणि चाचणी घेणाऱ्या चौघा खातेदारांना आदेश लिहिण्याआधी बोलवायला हवे होते, नंतर नाही. दोन वेळच्या सह्यांची सूचना आधी आली असती तर तपासणी विभागाकडे दुसऱ्यांदा जावे लागले नसते.

आणि पहिल्या तक्रारदार बाई. त्यांच्या गोपनीयतेचा भंग झाला हे बँकेने तोंडी मान्य केले, लेखी नाही. कायदा सल्लागाराने तसे सुचवले होते. ठेव तर गेलीच होती. निदान उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली निर्वाहाचा अर्ज करता येतो, १४५६७ या एल्डरलाइनवर विचारता येते, एवढे तरी शाखेने त्यांना त्याच दिवशी सांगायला हवे होते. त्यांनी खाते बंद केले आणि आता त्या पोस्टात जातात.